त्याचं कार्ड, माझं मशीन

नवरा गेला तेव्हा मी शहराच्या टोकाला, भनपुरीला ऑफिसात होते. मालवाहतुकीची कंपनी आहे. ट्रकांच्या बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या, गोदामांतला माल, कोणती गाडी कुठे पोचली, हे सगळं ज्या सर्व्हरवर चालतं ते चालू ठेवणं हे माझं काम. फोन त्याच्या साइटवरच्या ठेकेदाराचा होता. भैया पडलेत, लवकर या, एवढंच तो म्हणाला. नवरा एका अर्धवट बांधलेल्या घरात मोजमाप घेत होता. टेप हातात धरून खाली बसला आणि बसल्या जागी कलला. डोक्यातली नस फुटली होती. मी दवाखान्यात पोचले तोवर त्याच्यावर चादर ओढलेली होती. चादरीचा एक कोपरा वाकडा लोंबत होता, तो मी सरळ केला. त्या दुपारचं मला एवढंच नीट आठवतं.

नंतरचं सगळं रीतीप्रमाणे झालं. नागपूरहून, गोंदियाहून, भिलाईहून माझ्या माहेरची माणसं आली. जलदान विधी झाला, पुण्यानुमोदनाची सभा झाली. मी पांढऱ्या साडीत पुढे बसले होते आणि लोक बोलत होते. माझी मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत सारखी म्हणायची, रडून घे, मोकळी होशील. मी प्रयत्न केला. तोंड तसं करून पाहिलं. काही आलं नाही. मावशीला वाईट वाटू नये म्हणून पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला.

पाहुणे गेले आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच उरलो. सासरे रेल्वेत होते, ते पूर्वीच गेले. सासूबाईंना मी आईच म्हणते. आईसुद्धा रडत नव्हत्या. सकाळी उठायच्या, केर काढायच्या, वंदना म्हणायच्या, खुर्चीवर बसायच्या. मी चहा करायची. तो गोड झाला की अगोड, हे दोघींनाही कळत नव्हतं. एकदा मी साखर न घालताच कप पुढे ठेवला आणि आम्ही दोघींनी तो पिऊन टाकला. कप धुताना मला ते लक्षात आलं. आईंना सांगितलं नाही, सांगून काय करायचं होतं.

ऑफिसनं मला घरून काम करायची मुभा दिली. माझं मशीन मधल्या खोलीत त्याच्या मशीनशेजारी, एकाच लांब टेबलावर होतं. माझ्यावर लिनक्स, त्याच्यावर विंडोज. माझा स्क्रीन काळा, त्यावर अक्षरांच्या ओळी. त्याच्या स्क्रीनवर घरं. बिल्डर लोक जमीन घेऊन नुसता पाया खणतात आणि घर कसं दिसेल ते गिऱ्हाइकाला आधीच दाखवायचं असतं. ते न बांधलेलं घर हा संगणकावर उभं करून द्यायचा, आतून बाहेरून, उन्हासावलीसकट. त्यासाठी त्याच्या मशीनमध्ये एक दांडगं ग्राफिक्स कार्ड होतं. विटेएवढं, दोन पंखे असलेलं. काम चालू असलं की ते पंखे घोंघावायचे आणि मी म्हणायची की तुझा कूलर बंद कर. तो हसायचा आणि दार लोटून घ्यायचा.

तो त्या सकाळी घरून निघाला तेव्हा त्याचं मशीन चालूच होतं. आम्ही ते बंद केलं नाही. तसं ठरवलं नव्हतं, कोणी हात लावला नाही एवढंच. स्क्रीन काळा होता, पंखा हळू चालायचा. मी बाजूला बसून ऑफिसचं काम करायची. पंखा चालू आहे हे मला ऐकू यायचं आणि यायचंही नाही.

मग एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइट गेली आणि परत आली ती फार जोरात आली. ट्यूबलाइट पांढरीफटक झाली, फ्रिज कण्हला. माझं मशीन चांगल्या यूपीएसवर होतं, ऑफिसनंच दिलेला. त्याच्या यूपीएसची बॅटरी कधीची कमजोर झाली होती. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आवाज बंद झाला,” त्या म्हणाल्या.

मी बटण दाबून पाहिलं. परत दाबलं. काही झालं नाही.

सदर बाजारच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे, नवरा त्याच्याकडेच जायचा. नवरा गेल्याचं त्याला माहीत होतं, म्हणून तो माझ्याकडे न बघता कॅबिनेट उघडत राहिला. तपासून म्हणाला, “दीदी, बोर्ड गया. कार्ड, डिस्क और पॉवर सप्लाय बच गए.” त्या जातीचा बोर्ड आता मिळत नाही, नवा घेतला तर त्याबरोबर प्रोसेसर नवा, रॅम नवी, म्हणजे सगळंच नवं. मी डिस्क आणि कार्ड जुन्या टॉवेलात गुंडाळलं, कॅबिनेट रिक्षात घातलं आणि घरी आणलं. टॉवेल टेबलावर ठेवला. बरेच दिवस तो तिथेच राहिला.

अशात विहाराच्या समितीचे सचिव आले. रेल्वेतून रिटायर झालेले, सासऱ्यांबरोबर नोकरी केलेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. आमचा विहार म्हणजे तेव्हा एक टिनाचं शेड होतं. उन्हाळ्यात आत बसवत नसे. तिथे पक्कं सभागृह बांधायचं ठरलं होतं आणि नवऱ्यानं कबूल केलं होतं की तो त्याची फिल्म करून देईल. फाटकातून आत शिरायचं, पायऱ्या चढायच्या, सभागृहात फिरायचं, मागच्या खोल्या बघायच्या, अशी चालत जाणारी फिल्म. ती सभेत दाखवून लोकांना वर्गणीसाठी आवाहन करायचं होतं. महिनोन्‌महिने तो बिल्डरांची कामं सांभाळून त्यावर बसत होता.

काका पाणी प्याले, पेला हातात फिरवत राहिले, आणि मग फार सांभाळून म्हणाले की सभा पुढे ढकलली होती, पण आता किती ढकलायची. एक ओळखीचा आर्किटेक्ट आहे, चांगला मुलगा आहे, तो नव्यानं सगळं काढून द्यायला तयार आहे. तुमची हरकत नसावी, असं त्यांना विचारायचं होतं. हरकत नाही, असं मी म्हणणारच होते. माझ्या तोंडात ते शब्द तयारही होते.

आई म्हणाल्या, “माह्या पोरानं केलेलं काम हाय ते. दुसऱ्याले काहून देता?”

काका म्हणाले, “वहिनी, पण ते मशीनच बंद पडलं म्हणतात.”

“हे चालू करते,” आई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “हिचं तेच काम हाय.”

आईंनी तोवर माझं काम काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. मी काकांना म्हटलं, बघते. हो म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाच नाही म्हणायलाही लागतो, आणि माझ्याकडे दोन्हींचा नव्हता. बघते म्हणणं सोपं होतं.

अडचण अशी होती. त्याचं सॉफ्टवेअर, त्याची फाइल, त्याच्या सगळ्या सेटिंग त्या डिस्कवर होत्या, आणि ते सगळं विंडोजवर, त्या कार्डावर चालणारं. ती डिस्क माझ्या मशीनला लावून थेट सुरू करता आली असती, पण मग माझं लिनक्स बंद ठेवावं लागलं असतं आणि ऑफिसच्या सर्व्हरवर माझी नजर राहिली नसती. फिल्म बनायला तर कित्येक दिवस लागणार होते. म्हणजे दोन्ही मशीनं एका मशीनमध्ये, एकाच वेळी चालायला हवी होती.

संगणकाच्या आत दुसरा, भासाचा संगणक चालवता येतो. ऑफिसात मी रोज ते करते. त्या आतल्या मशीनला वाटतं की आपण खरंच आहोत. त्याला बाहेरच्यातला थोडा प्रोसेसर, थोडी रॅम वाटून दिलेली असते. पण ग्राफिक्स कार्ड असं वाटून देता येत नाही, निदान माझ्याकडच्या सामानात तरी नाही. ते अख्खं द्यावं लागतं. बाहेरच्या मशीननं ते कार्ड सुरुवातीपासूनच सोडून द्यायचं, त्याला ओळखसुद्धा दाखवायची नाही, आणि आतल्या मशीनच्या हाती जसंच्या तसं पोचवायचं. याला पासथ्रू म्हणतात. मी त्याविषयी वाचलं होतं, केलं कधी नव्हतं.

मी टॉवेल उघडला. कार्डाच्या पंख्यांवर धूळ बसली होती. ती मी मऊ ब्रशनं झाडली. मग माझं कॅबिनेट उघडलं. कार्ड माझ्या कॅबिनेटमध्ये मावेना, म्हणून डिस्क बसवायचा पिंजरा काढून टाकला. माझ्या पॉवर सप्लायला ते झेपणारं नव्हतं, म्हणून त्याच्या मशीनचा पॉवर सप्लाय काढून माझ्यात बसवला. त्याच्या मशीनचं आता नुसतं खोकं उरलं. बाजूचं झाकण बसेना, बाजू तशीच उघडी ठेवली. हे सगळं मी करत होते तेव्हा काय वाटत होतं, असं नंतर मला एका मैत्रिणीनं विचारलं. स्क्रू कुठे ठेवले ते विसरू नये, एवढंच वाटत होतं.

पहिल्यांदा काहीच जमलं नाही. मशीनच्या आतले भाग गटागटांनी बांधलेले असतात. एक भाग आतल्या मशीनला द्यायचा तर त्याच्या गटातले सगळे भाग द्यावे लागतात. मी कार्ड खालच्या खाचेत बसवलं होतं आणि तिथे त्याच्या गटात माझ्या नेटवर्कचा भाग होता. कार्ड दिलं असतं तर नेटही गेलं असतं आणि नेट गेलं तर ऑफिस गेलं. कार्ड काढून वरच्या खाचेत बसवलं. तिथे ते एकटं होतं, त्याच्या आवाजाच्या भागासोबत. अशा कार्डात चित्राचा एक भाग असतो आणि केबलमधून आवाज पाठवायचा एक. मी लिनक्सला सांगितलं की हे कार्ड तुझं नाही. त्यानं चित्राचा भाग सोडला, पण आवाजाचा भाग धरून बसलं. तेवढ्यानं आतलं मशीन सुरूच होईना. ते कळायला मला अख्खा आठवडा गेला असेल, कारण मी वाचायची तेच परत वाचायची. ओळीच्या शेवटापर्यंत जायची तोवर सुरुवात पुसलेली असायची.

आई जेवायच्या वेळी दारात येऊन उभ्या राहायच्या. एके दिवशी त्या आत आल्या आणि त्याच्या खुर्चीवर बसल्या. इतके दिवस त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

“काय करून राहिली तू, मले सांग,” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. माझ्या मशीनच्या आत त्याचं मशीन चालवायचं आहे. त्याचं कार्ड माझ्याकडे बसवलंय, पण माझ्या मशीननं त्याला हात लावायचा नाही, ते त्याच्यासाठी राखून ठेवायचं. माझं मशीन ऐकत नाही, थोडं धरून ठेवतं.

आईंनी वाकून त्या उघड्या कॅबिनेटमध्ये पाहिलं.

“मंग सोडवून घे ना हळूहळू,” त्या म्हणाल्या. “घाई कोणाले हाय.” आणि भाजी गार होतेय म्हणून मला उठवून घेऊन गेल्या.

आवाजाचा भागही सुटला तो असाच एका सकाळी. कुठे एक ओळ चुकीच्या जागी लिहिली होती. ती बदलून मी मशीन परत सुरू केलं. त्याचा मॉनिटर त्याच्या कार्डाला जोडला होता, माझा माझ्या बोर्डाला. माझ्या बाजूला मी आतलं मशीन सुरू करायची आज्ञा दिली. त्याचा स्क्रीन काळा होता तसाच राहिला. मी माझ्या स्क्रीनवर चुका शोधायला लागले. आणि बाजूला पंखे घोंघावले. वळून पाहिलं तर त्याच्या स्क्रीनवर विंडोजचं निळं चिन्ह आणि खाली गोल फिरणारे ठिपके.

मला आनंद झाला असेल असं वाटतं ना? मी उठले, कुकर लावला, परत येऊन बसले.

स्क्रीनवर त्याचं नाव आणि फोटो आला. त्याचा चार आकडी पिन घरात सगळ्यांना माहीत होता. तो टाकला तर मशीन म्हणालं की हा पिन इथे चालणार नाही. बरोबरच होतं. पिन जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, आणि तो बोर्ड जळाला होता. आता खरा पासवर्ड हवा होता आणि तो मला माहीत नव्हता. त्याचं नाव टाकून पाहिलं, आईंचं, माझं, आमच्या गाडीचा नंबर. एकही नव्हता.

पासवर्ड विसरलेल्यांना नवा करून देणं मी ऑफिसात इतक्यांदा केलंय की डोळे मिटूनही करेन. दुसऱ्या डिस्कवरून मशीन सुरू करायचं, आत शिरायचं, जुना पुसायचा, नवा घालायचा. तेच केलं. जुना पुसला. नवा पासवर्ड टाका म्हणून रिकामी चौकट आली आणि तिथे मात्र माझी बोटं थांबली. काय टाकायचं ते सुचेना. कोणतं नाव, कोणती तारीख. शेवटी ऑफिसात नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी देतो तोच पासवर्ड टाकला. आत गेले.

एक गोष्ट मी आधीच ठरवली होती. त्या आतल्या मशीनला नेट द्यायचं नाही. दिलं असतं तर इतक्या आठवड्यांचे त्याचे मेल, मेसेज, कोणाकोणाचे निरोप सगळे एकदम येऊन पडले असते. त्याच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची छोटी यूएसबी चावी होती, ती तेवढी जोडून दिली. सॉफ्टवेअर उघडलं. विहाराच्या फोल्डरमध्ये फाइलींची रांग होती. फायनल. फायनल नवी. फायनल काकांनी सांगितलेली. सगळ्यांत शेवटी, खरंच फायनल. ती उघडायला वेळ लागला.

मी आईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि त्याच्या खुर्चीवर बसल्या. मी बाजूला उभं राहून त्याचा माउस हलवत होते. मला ते सॉफ्टवेअर येत नाही, पण पुढे जाणं, वळणं एवढं त्याला करताना पाहून माहीत होतं.

फाटक होतं. फाटकाच्या आत बोधिवृक्षाचं रोप, कट्टा बांधलेलं. पायऱ्या. पायऱ्यांखाली चपलांचा पसारा, त्यानं एक एक जोड वेगळा टाकलेला, काही उलटे पडलेले. आईंनी मला थांबायला लावलं आणि चष्मा वर करून त्या चपला पाहिल्या.

“आपल्या नाही याच्यात,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, या तयार मिळतात, त्यानं विकत घेतलेल्या.

“हव,” त्या म्हणाल्या. आम्ही आत गेलो.

आत पूर्वेच्या जाळीतून ऊन येत होतं. सकाळचं, तिरपं, फरशीवर जाळीची नक्षी पडलेली. चटया अंथरलेल्या होत्या. पुढे मूर्तीच्या जागी त्यानं एक साधा ठोकळा ठेवून त्यावर लिहून ठेवलं होतं, मूर्ती इथे. आईंनी हात जोडले. मी माउस सोडून हात जोडले आणि परत माउस धरला. मग सभागृहाच्या मागच्या दारातून आम्ही मागच्या भागात गेलो, जिथे स्वयंपाकघर, वाचनाची खोली, भन्तेजींसाठी खोली व्हायची होती.

तिथे सगळं राखाडी होतं. भिंती होत्या पण त्यांना रंग नव्हता, फरशी नव्हती, दारांच्या जागी नुसत्या फटी. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. वरून सपाट उजेड.

“इकडं राख फासल्यासारखं काहून हाय?” आईंनी विचारलं.

“झालं नाही अजून. त्यानं नुसता सांगाडा उभा केला होता.”

“राहून गेलं.”

“राहून गेलं.”

त्यांनी चष्मा पदराला पुसला. मग म्हणाल्या, “तुले देता येईन का रंग?”

मी म्हटलं की शिकले तर येईल. तसं ते फार अवघड नसावं. एक भिंत निवडायची, रंग निवडायचा. पण मला तो द्यायचा नव्हता. कारण मी शोधलं नाही. आईंना म्हटलं, “मले नाही द्याचा.” त्यांनी मान हलवली, जशी काही मी सांगितलं की आज भाजी नाही आणायची.

फिल्म बनवायला लावली. चालणारी फिल्म म्हणजे हजारो सुट्टी चित्रं. एकेक चित्र तयार व्हायला चहा गाळून कपात ओतायला लागेल तेवढा वेळ लागे. उजव्या बाजूला त्याचं मशीन एकेक चित्र काढत होतं, डाव्या बाजूला मी ट्रकांचे सर्व्हर बघत होते. एकदा मधेच आतलं मशीन अडकलं. मी ते बंद करून परत सुरू केलं तर कार्ड उठेना. या कार्डांना ही खोड असते, एकदा आतलं मशीन बंद झालं की बाहेरचं अख्खं मशीन बंद करून चालू केल्याशिवाय ती जागी होत नाहीत. माझं मशीन बंद म्हणजे ऑफिसचं काम बंद. मी टेबलावर जोरात हात मारला. पेन खाली पडलं. आई धावत आल्या आणि माझ्या हाताकडे बघत राहिल्या. हात लाल झाला होता, दुखत होता. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखलं होतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन करून तासभर लक्ष ठेवायला सांगितलं, मशीन परत सुरू केलं, फिल्म जिथे थांबली होती तिथून पुढे लावली.

रविवारी सभा झाली. टिनाच्या शेडमध्ये कापडं लावून अंधार केला होता, पंखे आणले होते, तरी घाम गळत होता. काकांना मी आधीच सांगितलं होतं की मागचा भाग अपुरा आहे. त्यांनी ठरवलं होतं की सभागृह दिसून झालं की बंद करू. वंदना झाली, काका थोडं बोलले, आणि भिंतीवर फाटक उघडलं. लहान मुलं पुढे सरकली. चपला दिसल्या तेव्हा कोणीतरी हसलं. सकाळचं ऊन आत आलं आणि बायकांमधून हळू कुजबुज गेली. मग सभागृहाचं मागचं दार जवळ आलं. काका उठून लॅपटॉपकडे यायला लागले.

“चालू दे,” आई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

काका थांबले. फिल्म त्या राखाडी खोल्यांमध्ये गेली. रंग नसलेल्या भिंती, दारं नसलेल्या जागा, खिडक्यांबाहेर काही नाही. फिल्म तिथेही त्याच सावकाश चालीनं फिरली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि संपली. शेडमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता.

मग मागून एका बाईनं विचारलं की स्वयंपाकघरात नळ कोणत्या बाजूला येणार. दुसरी म्हणाली की ओटा उभ्यानं काम होईल असा हवा, पण भात मोठ्या गंजात होतो, तो खाली बसूनच करावा लागतो. एका माणसानं म्हटलं की वाचनाच्या खोलीला बाहेरून वेगळं दार हवं, मुलांना अभ्यासाला यायला. कोणी म्हणालं पिवळा रंग, कोणी म्हणालं पिवळा लवकर मळतो. अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत, सगळे एकदम बोलायला लागले. काकांनी शांत बसायला सांगून पाहिलं आणि सोडून दिलं. पोरं भिंतीकडे बोट दाखवून सांगत होती की इथे काय, तिथे काय. आई मधे बसल्या होत्या, कोणाच्याही बोलण्याला होकार न देता.

मी मागे लॅपटॉपशी बसले होते. कोणीतरी माझ्या हातात पत्रावळ दिली, पुरी, भाजी, खीर. मी खायला सुरुवात केली. भाजीत मीठ कमी होतं. ते मला कळलं. मी शेजारच्या बाईकडे मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी परत सगळं होतं तसंच होतं. चहाला चव नव्हती. पण ती पुढे येत जात राहिली, एखाद्या दिवशी असायची, एखाद्या दिवशी नसायची.

विहाराचं काम सुरू झालं, हळूहळू. सरकारी मंजुरीचे नकाशे त्या आर्किटेक्ट मुलानंच काढून दिले. तो मला भेटायला आला होता. मी त्याला सगळ्या फाइली दिल्या, तो संकोचून बसला होता, हिंदीत सारखं सॉरी म्हणत होता. पूर्वेची जाळी झाली नाही, तिथे लोखंडी खिडक्या आल्या. फिल्ममधल्यासारखं ते दिसणार नाही, हे मला आता माहीत आहे. स्वयंपाकघर मात्र मोठं झालं, खाली बसायची जागा ठेवून.

ते आतलं मशीन अजून माझ्या मशीनमध्ये आहे. अधूनमधून एखादा जुना बिल्डर फोन करतो, भाभी, तीन नंबरच्या प्लॉटचं भैयानं काढून दिलेलं मिळेल का, म्हणतो. मी आतलं मशीन सुरू करते, फाइल शोधते, काढून देते, बंद करते. नेट त्याला अजून दिलेलं नाही. कधी देईन की नाही, माहीत नाही.

मी परत भनपुरीला जायला लागले आहे. आई सकाळी माझ्याबरोबर निघतात. विहाराच्या नव्या भिंतींना पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. मिस्त्री म्हणतो, अम्मा, हम कर लेंगे. त्या त्याला म्हणतात, तू सिमेंट पाह्य, पाणी मी पाह्यते. मी स्कूटर उभी करून त्यांना पाइप ओढून देते, नळ सोडते. पाणी यायला थोडा वेळ लागतो. त्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरतात आणि खालपासून वरपर्यंत भिंत भिजवत जातात, एक कोपराही कोरडा न ठेवता. मी हेल्मेट घालते आणि ट्रकांच्या मागून भनपुरीच्या रस्त्याला लागते.